हरणाबाई गड्याची बाजू नाचायची

पाचगणीच्या मुलींच्या शाळेत मी दाखल झाले त्याच आठवड्यात, नाचाच्या तासाला, माझ्या पाठीत एक सणसणीत थाप बसली. दचकून वळले तर मागे एक धिप्पाड बाई उभी. हिरवं लुगडं, घट्ट कासोटा, कपाळावर गोंदण, पाय अनवाणी.

"पाठीला काय झालंय तुज्या?" ती म्हणाली. "कुनी मारलंय का?"

"नाही."

"मग अशी वाकून कुनाला नमस्कार घालतीस?"

बाकीच्या मुली फिदीफिदी हसल्या. ती त्यांच्याकडे नुसती वळली, आणि हसू जागच्या जागी थांबलं.

ही हरणाबाई. तिचं नाव आज कुणाला ठाऊक नाही, आणि या गोष्टीची मला चीड येते. कारण त्रेचाळीस ते पंचेचाळीस या वर्षांत पाचगणी-महाबळेश्वरच्या निम्म्या मडमा आणि आमच्या शाळेच्या झाडून साऱ्या मुली जे बॉलरूम नाचायला शिकल्या, ते हरणाबाईच्या हातात हात देऊन शिकल्या.

मी सांगलीची. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, तिथे वकिली करत. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले. साहेबाच्या शाळेत मुलीला घालणं त्यांच्या जिवावर आलं होतं, पण माझी छाती लहानपणापासून अशक्त. डॉक्टरांनी पाचगणीची हवा सांगितली, तेव्हा त्यांचा नाइलाज झाला. शाळेत नाच सक्तीचा आहे हे मी त्यांना कळवलंच नाही.

नाच शिकवायला मिस बार्लो नावाची इंग्रज बाई होती. तरुणपणी ती लंडनात मोठमोठ्या हॉलमध्ये पोटासाठी नाचायची. पाचगणीला आली तेव्हा तिचा एक गुडघा गेलेला. तोंडाने सगळं सांगता यायचं, करून दाखवता यायचं नाही. बॉलरूममध्ये जोडी लागते, आणि जोडीत एक बाजू पुरुषाची असते. मुलींच्या शाळेत पुरुष आणायचा कुठून? उंच मुलींना ती बाजू दिली तर त्या लाजून वेड्यावाकड्या व्हायच्या.

अशा वेळी तिला हरणाबाई दिसली.

हरणाबाई धनगराची. विट्याच्या पूर्वेला, पाऊस चुकून पडतो त्या माळावरची. मूल होईना म्हणून नवऱ्याने दुसरी केली आणि हिला घरातच राहून सवतीचं बाळंतपण कर म्हणाला. हरणाबाईने डोक्यावरची पाटी त्याच्या अंगणात आदळली आणि तशीच निघाली. भावाकडे काही महिने राहिली, मग कामाला जाणाऱ्या बायकांबरोबर घाट चढून पाचगणीला आली. शाळेत तिला पाणी भरायचं काम मिळालं. खालच्या विहिरीवरून डोक्यावर हंडा, त्यावर घागर, काखेत कळशी, आणि तांबड्या मातीची ती निसरडी वाट. बार्लोबाई खिडकीतून बघत राहिली. चढावर पाय घसरत होता, पण मान हलत नव्हती, पाण्याचा थेंब सांडत नव्हता.

तिने निरोप पाठवला. हरणाबाईला वाटलं, काहीतरी चोरीला गेलं असणार आणि आळ आपल्यावर आलाय. ती भांडायच्या तयारीने हॉलमध्ये शिरली. बार्लोबाईने फोनोला चावी दिली, तबकडी लावली आणि आपल्या मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत म्हणाली, "चलो. ऐसा."

"म्या तवाच वळाकलं," हरणाबाई मला सांगायची. "आमच्याकडं बिरुबाच्या जत्रंला गडी ढोलावर गजी नाचत्यात. बायांनी कडंला बसून बगायचं. मी जनमभर बगितलंय. पाय कुटं पडतुया, वजन कवा बदालतंय, समदं डोळ्यात साठलेलं. निसतं अंगात उतरायचं र्‍हायलं हुतं."

ते तीन ठोक्यांचं वॉल्ट्झ तिला चटकन जमलं. म्हणायची, मेंढरू उतरणीवरनं येतं तसं, एक पाय दाबून आणि दोन हलके. बार्लोबाईने तिला विजार घाल म्हणून गळ घातली. हरणाबाईने साफ नाकारलं. "कासोट्यात माझं पाय मोकळं हायत. तुमचंच झगं पायात घोटाळत्यात."

सकाळी पाणी, दुपारी नाच. पुढे बार्लोबाई तिला महाबळेश्वरच्या बंगल्यांवर शिकवणीला नेऊ लागली. तिथल्या मडमा शिकायच्या तिच्याबरोबर आणि नाचायच्या आपल्या साहेबांबरोबर. हा तिचा धंदा झाला, आणि त्याचा तिला अभिमान होता.

मला तिने घडवलं, पण लाडाने नव्हे. मी पाय बघत नाचायचे. ती हनुवटीखाली दोन बोटं लावून मान वर करायची. "पाय कुटं जात न्हाईत. बगू नगंस." मी श्वास कोंडून धरायचे. ती थांबायची. "छाती कमजोर हाय म्हनतीस, आन् असलेला वाराबी आत घीना झालीस?" तिच्या हाताचा पंजा माझ्या पाठीवर, दोन्ही खवाट्यांच्या मधोमध असायचा. एकदा मी विचारलं, नेमका तिथेच का?

"भ्या हितं बसतंय," ती म्हणाली. "भ्यालेल्या मेंढराच्या पाठीला हात लाव, हितंच कडक लागंल. भ्या हाय तवर तुला दुसरा कुनीबी ढकलत नेनार. आपल्या पायावर हुबी र्‍हायलीस, मंग न्हेनाराबी तुला इचारूनच पाऊल टाकंल."

ती खरंच विचारून पाऊल टाकायची. कधी ओढलं नाही, ढकललं नाही. पुढे जायचं असलं की तिचं अंग आधी सांगायचं आणि मी ऐकायचे. वर्षभरात माझी पाठ सरळ झाली. टेबललँडच्या पठारावर मी धाप न लागता धावू लागले. वर्गात उभं राहून बोलताना माझा आवाज थरथरायचा, तो स्थिर झाला. डॉक्टरांनी पाचगणीच्या हवेचं कौतुक केलं. मी गप्प बसले.

चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात तिच्या गावचे दोघे शाळेच्या फाटकाशी येऊन थडकले. एक तिचा धाकटा भाऊ अर्जुना, खाली मान घातलेला. दुसरा बिराप्पा, जमातीतला मोठा माणूस, पांढऱ्या मिशा, तांबडं मुंडासं, खांद्यावर घोंगडं. हरणाबाई नुकती पाणी घेऊन आली होती. आम्ही मुली हॉलच्या पायऱ्यांवर होतो.

"हरणे," बिराप्पा म्हणाला, "गावात काय बोलत्यात ठावं हाय का? हरणी सायबाच्या बायांसंगं नाचतीया. फोनो लावून. मिठी मारून."

"खरं हाय," हरणाबाई म्हणाली. डोक्यावरचा हंडा तिने उतरवला नव्हता.

"लाज न्हाई वाटत?"

"आवं तात्या, गजीत तुमच्यावानी नाचनारा पंचक्रोशीत दुसरा कुनी हाय का?"

बिराप्पा जरा गोंधळला. "न्हाई."

"मी ल्हान हुते तवा तुमाला बगून मागं खळ्यात एकलीच नाचायची. ढोल वाजला की तुमी रुमाल उडवता, गिरक्या घेता, अंगाला घाम फुटंस्तवर नाचता. तवा लाज कुटं आसती?"

"ती देवाची सेवा हाय!"

"देव काय निसत्या गड्यांचा हाय?"

अर्जुना पुढे झाला. "आक्का, दमानं घे. पंचांफुडं यीऊन चुकलं म्हन, डोस्कं टेकव. मिटंल समदं."

"काय चुकलं त्ये सांग आदी. नवऱ्यानं सवत आनली तवा पंच कुटं हुतं? तवा कुनी म्हनलं त्याला, चुकलं म्हन? मी माळावर उपाशी हुते, तवा कुनी माझी चौकशी करत दारात आला? आता पोटाला मिळतंय, अंगाला कापड हाय, तर तुमास्नी माझी लाज आटवली?" तिचा आवाज चढत गेला, पण हंडा हलला नाही. "अर्जुना, तुज्या बायकुला रोज मारतुस. त्येच्यावर पंचायत बसली का कवा?"

बिराप्पाने हातातली काठी जमिनीवर आपटली. "बास! आजपास्नं तुजा हुक्का-पानी बंद! जमातीत तुला कुनी पानी देनार न्हाई!"

"पानी?" हरणाबाई म्हणाली. "तुमी मला पानी देनार? ह्या आक्ख्या शाळंला पानी मी पाजतीया!"

आणि वळून ती स्वयंपाकघराकडे चालू लागली. ते दोघे बराच वेळ फाटकाशी उभे होते. मला बिराप्पाचा राग आला होता, पण जास्त राग आला तो अर्जुनाचा. त्याला सगळं कळत होतं हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

मला वाटलं होतं, हे सगळं गावंढळ लोकांमध्येच चालतं. माझा तो समज लवकरच खोटा ठरला.

पुढच्या उन्हाळ्यात, मोसम ऐन भरात असताना, महाबळेश्वरच्या एका क्लबात जखमी सैनिकांच्या मदतीसाठी दुपारचा चहा आणि नाच ठरला. त्यात बार्लोबाईच्या मुलींनी नाच करून दाखवायचा होता. आम्ही पाचजणी निवडलेल्या, त्यात मी एकटीच हिंदुस्थानी. हरणाबाईने महिनाभर आमचा घाम काढला. तिच्याबरोबर एकेकीने नाचायचं, असंच बार्लोबाईने तिला सांगितलं होतं. हरणाबाईने त्यासाठी नवं लुगडं घेतलं, अंजिरी रंगाचं.

क्लबाच्या पायऱ्यांशी आमची गाडी थांबली. चिटणीस बाहेर आला, बार्लोबाईला बाजूला घेऊन बोलला. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा पडला होता. रजेवर आलेला एक लेफ्टनंट आमच्याबरोबर नाचणार होता. हरणाबाईने मागच्या दाराने जाऊन भटारखान्यात बसायचं, तिथे तिला चहा मिळेल.

बार्लोबाईने हे मला मराठीत सांगायला लावलं. माझी जीभ रेटेना, पण सांगितलं. हरणाबाईने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती थेट बार्लोबाईला म्हणाली, "तुमी शबूद दिला हुता."

बार्लोबाईला शब्द समजले नसतील, अर्थ समजला. "क्या करेगा, हरना," ती पुटपुटली. "क्लब का रूल."

"तुमचा गुडघा मोडला त्ये ठावं हुतं मला," हरणाबाई म्हणाली. "पाठबी मोडली त्ये आज कळलं."

ती भटारखान्यात गेली नाही. बाहेरच्या व्हरांड्यात, उघड्या दारापाशी खांबाला टेकून उभी राहिली. तिथून तिला हटवायला यायची कुणाची हिंमत झाली नाही.

बँड सुरू झाला. माझी पाळी आली. त्या लेफ्टनंटच्या हाताला घाम होता. तो मला गाडा लोटावा तसा लोटत होता. माझ्या पायावर त्याचा बूट पडला, मी अडखळले. भोवतालच्या खुर्च्यांतून कुणीतरी हसलं. माझे खांदे आपोआप पुढे वाकले, नजर पायांत गेली, छाती आवळली. आता इथेच रडू फुटणार असं वाटलं.

"मनू! पाठ!"

तो आवाज सगळ्या हॉलभर घुमला. माळावर मेंढरांच्या मागे ओरडून कमावलेला आवाज तो. बँडवाल्यांचा ठोका चुकला. मी ताठ झाले. श्वास घेतला. लेफ्टनंटने पुन्हा लोटायला हात लावला तेव्हा मी हललेच नाही. तो बावरून थांबला. मग आम्ही परत सुरुवात केली, आणि या वेळी तो नीट नाचला.

नाच संपताच चिटणीस तावातावाने व्हरांड्याकडे निघाला. इंग्रजीत ओरडला, हिला बाहेर काढा. दोन पट्टेवाले पुढे झाले.

"हात लावायचं काम न्हाई," हरणाबाई म्हणाली. "मी जातीया."

आणि ती आत आली. मागे न जाता, बागेतून न जाता, दारातून सरळ आत. मेण लावून चकचकीत केलेली ती फरशी, तिच्यावर नाचायला साहेबांनाही खास बूट लागत. त्या फरशीच्या मधोमध हरणाबाई अनवाणी चालत निघाली. घाई नाही, मान खाली नाही. डोक्यावर काही नव्हतं, तरी ती भरला हंडा घेतल्यासारखी चालत होती. लोक चहाचे कप हातात धरून बघत होते. कुणी वाट अडवली नाही. पुढच्या दाराशी उभ्या असलेल्या एका जाड्या कर्नलने नकळत बाजूला सरून तिला वाट करून दिली. पायऱ्या उतरून ती पाचगणीच्या रस्त्याला लागली.

दुसऱ्या दिवशी तिने काम सोडलं. बार्लोबाई तिच्या खोपटापर्यंत लंगडत गेली, रडली. हरणाबाई बिऱ्हाड बांधत राहिली. बार्लोबाई वाईट नव्हती, पण वाईट नसलेल्या माणसांनी त्या दिवशी गप्प बसायला नको होतं.

नंतर दोनेक वर्षांनी ती मला सांगलीत दिसली. शाळा संपवून मी घरी आले होते. हळदीच्या वखारीसमोर बायका पोती वाहत होत्या. त्यांच्यातली एकच बाई ताठ चालत होती, नखशिखांत पिवळी झालेली. मी धावत जाऊन तिच्या गळ्यात पडले. तिने आधी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "र्‍हायलीया की सरळ," ती म्हणाली.

बार्लोबाई विलायतेला परत जाताना तबकड्यांची पेटी माझ्याकडे देऊन गेली होती, हरणाबाईला दे म्हणून. मी ती दिली. "उपकार म्हनून घेत न्हाई," ती म्हणाली. "माझ्या कामाच्या हायत म्हनून घेतीया."

मी आबांना म्हटलं, विश्रामबागेत आपलं घर मोठं आहे, मागची पडवी रिकामी असते. हरणाबाईंना तिथे मुलींना शिकवू द्या. सत्तेचाळीसचा सप्टेंबर होता. आमच्या दारावरचा झेंडा अजून उतरवलेला नव्हता.

आबांनी हरणाबाईला बोलावलं, खुर्ची दिली. आणि म्हणाले, "लेझीम शिकवा, लाठी शिकवा. मी स्वतः मुली मिळवून देतो. पण हा साहेबांचा नाच कशाला? साहेब आता गेले."

"ग्येलं, लय बरं झालं," हरणाबाई म्हणाली. "पर जाताना माझं पाय घिऊन ग्येलं न्हाईत."

"चारचौघांत शोभायला हवं, बाई."

हरणाबाई उठली. "आवं वकीलसायेब, आमच्या बिराप्पा तात्यानं ह्येच सांगितलं. क्लबातल्या सायबानंबी ह्येच सांगितलं. तुमी तुरुंगात जाऊन आलासा, मला वाटलं तुमचं काय तरी न्यारं असंल."

आबांचा चेहरा लाल झाला. मी त्यांच्यासमोर कधी आवाज काढला नव्हता. त्या दिवशी काढला. म्हटलं, "आबा, माझी छाती हवेने बरी झाली नाही. यांनी बरी केली. नाचून. तुम्हाला कळवलं असतं तर तुम्ही मला परत आणलं असतंत आणि मी आज अंथरुणावर असते." माझ्या आवाजात थरथर नव्हती. आबांनी नकार दिला नाही. पण होही म्हणाले नाहीत.

होय म्हणाली ती आई. माझी आई राहीबाई. चौदाव्या वर्षी या घरात आली, तेव्हापासून चुलीपुढे आणि माणसांपुढे वाकून वाकून तिला कमरेतून सरळ उभं राहता येत नव्हतं. ती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "पडवी माझ्या ताब्यात आहे. मला शिकायचंय."

"तुला?" आबा म्हणाले.

"माझी पाठ दुखते," आई म्हणाली आणि आत गेली.

वखारीला सुट्टी असली की दुपारी हरणाबाई यायची. घरातला फोनो मी पडवीत आणून ठेवायचे. आईबरोबर शेजारच्या धोंडुबाई आल्या, मग वखारीतल्या दोघी. लुगड्याचे ओचे खोचून त्या वॉल्ट्झ नाचायच्या. हरणाबाई त्यांच्यावर ओरडायची, आईवरही. आई ऐकून घ्यायची. आबा दुपारी कचेरीतच थांबू लागले.

एके दिवशी मात्र ते लवकर आले. बरोबर त्यांचे अशील हंबीरराव, वाळव्याकडचे ऊसवाले, पिळदार मिशांचे. फोनोचा आवाज ऐकून हंबीरराव सरळ मागे आले. पडवीत आई आणि हरणाबाई नाचत होत्या.

"वकीलसायेब," हंबीरराव हसत म्हणाले, "घरातच तमाशा घातलाय की तुमी!"

माझ्या अंगाची आग आग झाली. आबा खांबाशी थिजले. मला माहीत होतं, आता आई डोक्यावर पदर ओढून आत पळणार. आयुष्यभर तिने तेच केलं होतं.

आईने हरणाबाईच्या खांद्यावरचा हात काढला नाही. तिने हंबीररावांकडे पाहिलं, चांगलं निरखून. मग म्हणाली, "मनू, तबकडी संपली. पुन्हा लाव."

मी फोनोला चावी दिली.

आबांनी घसा खाकरला. "हंबीरराव, तुमचे कागद बाहेर आहेत," ते म्हणाले. "आणि घरातल्या बाईमाणसाबद्दल बोलताना जीभ सांभाळा." हंबीररावांना घेऊन ते गेले. त्यानंतर कितीतरी दिवस ते आमच्याशी धड बोलले नाहीत. नेमका कुणाचा राग आला होता, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

गाणं संपलं तशी आई पायरीवर टेकली. हरणाबाई तिच्याजवळ बसली, पाणी पुढे केलं.

"भ्या वाटलं का, वयनी?"

"नाही," आई म्हणाली. "राग आला. इतकी वर्षं कुठे होता कोण जाणे."

हरणाबाई हसली. तिला असं मोकळं हसताना मी क्वचितच पाहिलं होतं.

"मंग उद्या जरा लवकर या," ती म्हणाली. "तुमचं वळन अजून कच्चं हाय."